'एकच' कारणाचा मोह : मराठीतील व्यसनमुक्तीचे लेखन आणि जोडआजाराचा प्रश्न

प्रास्ताविक

व्यसन हा विषय मराठी साहित्याला नवा नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराचे चित्र मराठी मनात पक्के बसलेले आहे. १९८६ नंतर या विषयाला निराळे वळण मिळाले. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले आणि डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द' व 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकांमुळे निवासी उपचार हा मराठी गद्याचा एक विषय बनला. व्यसनी माणूस दाखल होतो, काही आठवडे राहतो आणि बदलून घरी परततो, ही गोष्ट आज मराठी वाचकाला परिचयाची आहे.

ज्या व्यसनी माणसाला व्यसनाच्या जोडीने नैराश्य, उन्माद-विषादाचा विकार, स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र चिंताविकार आहे, त्याला या परिचित गोष्टीत कोणते स्थान मिळते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. वैद्यकशास्त्रात या स्थितीला 'दुहेरी निदान' म्हणतात. येथे सोयीसाठी 'जोडआजार' हा शब्द योजला आहे. या लेखनाने व्यसनी माणसाला पापी ठरवण्याऐवजी रुग्ण मानले, ही त्याची फार मोठी कामगिरी होय. परंतु त्याला एकाच आजाराचा रुग्ण मानल्यामुळे दुसरा आजार निनावी राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. कोणत्याही संस्थेच्या उपचारपद्धतीचे मूल्यमापन करणे हा येथे हेतू नाही. लेखनाचा घाट, त्यातील कारणमीमांसा आणि त्यातून घडणारी वाचकाची समजूत एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. मात्र ही समजूत केवळ साहित्यिक महत्त्वाची नाही. मराठवाड्यातील एखादे कुटुंब आपल्या माणसाला उपचारासाठी नेते तेव्हा त्याच्याजवळ बहुधा वैद्यकीय माहितीपेक्षा अशी एखादी गोष्टच असते.

जोडआजार : काही मूलभूत बाबी

विवेचनाआधी विषयाचे वैद्यकीय स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत झालेल्या एका व्यापक लोकसर्वेक्षणाचे निष्कर्ष रेगियर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांना आणि इतर अमली पदार्थांचा विकार असलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी दुसरा एखादा मनोविकार झालेला होता. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना व्यसनाचा विकार होता. टक्केवारी देशकालानुसार बदलेल. पण हा अपवादात्मक रुग्णांचा प्रश्न नव्हे, एवढे यातून स्पष्ट होते.

दोन आजारांतील कार्यकारणभाव एकेरी नसतो. एडवर्ड खान्त्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार अनेक जण असह्य मानसिक वेदनेवर स्वतःच शोधलेले औषध म्हणून नशेकडे वळतात. याउलट दीर्घकाळ दारू घेतल्यानेही नैराश्य, संशयविकार आणि भ्रम उत्पन्न होतात. दारू अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी डिलिरियम ट्रेमेन्स ही जीवघेणी अवस्था येऊ शकते. त्यात रुग्णाला नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. हे भास वियोगलक्षणांचे आहेत की मूळ मनोविकाराचे, हे त्या क्षणी सांगणे तज्ज्ञालाही सोपे नसते.

येथे काळाचा घटक निर्णायक ठरतो. ब्राउन आणि शकिट यांनी १९८८ मध्ये उपचारासाठी दाखल झालेल्या मद्यपी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाखल होताना त्यांच्यापैकी ४२ टक्के पुरुषांत लक्षणीय नैराश्य होते. दारूशिवाय चार आठवडे गेल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. अर्थात बहुतेकांचे नैराश्य दारूनेच आणलेले होते आणि दारूबरोबर ते ओसरले. थोड्यांचे मात्र मागे राहिले. मागे राहिलेले हे थोडे लोक प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत.

'एकच प्याला' : कारण आणि स्वभाव

गडकऱ्यांच्या नाटकाकडे आपण बहुधा मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून पाहतो. नाटकाचे नाव तसेच आहे आणि त्याचा शेवटही तसाच आहे. तथापि सुधाकर दारूकडे का वळतो, याची नाटकातील मांडणी नावात सुचवली आहे त्याहून अधिक गुंतागुंतीची आहे. सुधाकर गरिबीतून वर आलेला, बुद्धिमान, अतिशय मानी आणि तापट वकील आहे. भर न्यायालयात अपमान होतो, त्याची वकिलीची सनद निलंबित होते आणि त्या मानभंगाने तो आतून मोडून पडतो. ही मोडतोड पहिल्या प्याल्याच्या आधीची आहे. तळीराम प्याला पुढे करतो तेव्हा झोप नाहीशी झालेल्या, स्वतःच्या नजरेतून उतरलेल्या माणसापुढे तो करतो. मनाच्या वेदनेवर औषध म्हणून दारू, ही खान्त्झियन यांची उपपत्ती सहा दशके आधी मराठी रंगभूमीवर दृश्यरूपात आलेली होती.

सुधाकराला अमुक विकार होता, असे निदान करण्याचा मोह येथे होऊ शकतो. तो टाळला पाहिजे. नाटकातील पात्र हा रुग्ण नसतो. त्याची लक्षणे नाटककाराने कथानकाच्या गरजेनुसार निवडलेली असतात. नाटकाची रचना दारूमागचे दुःख कोठे ठेवते आणि त्याचे पुढे काय करते, एवढेच समीक्षकाला विचारता येते. गडकरी ते 'स्वभाव' या सदरात ठेवतात. मानीपणा हा सुधाकराचा स्वभावदोष ठरतो आणि शोकात्मिकेच्या परंपरेला अनुसरून तो नायकाच्या नाशाचे बीज बनतो. दोष स्वभावात असेल तर त्यावर उपाय निश्चयाचा असतो, उपचाराचा नसतो.

नाटकातील सर्वांत भेदक भाग मात्र दारू सोडल्यानंतरचा आहे. सिंधूची दशा पाहून सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो आणि कामाच्या शोधात बाहेर पडतो. जुने परिचित त्याला झिडकारतात. व्यसनी ही त्याची ओळख व्यसन सुटल्यावरही सुटत नाही. पुन्हा तोच मानभंग, पुन्हा तीच मोडतोड, आणि तो परत प्याल्याकडे जातो. ज्या वेदनेने पहिला प्याला हाती दिला तीच वेदना, तिच्यावर काहीही उपाय न झाल्यामुळे, दुसऱ्यांदा प्याला हाती देते. उलट प्रेमभंगामुळे पिऊ लागलेला भगीरथ रामलालच्या सहवासात आणि समाजकार्यात सावरतो. एकाच नाटकात एक सुटतो आणि एक बुडतो. 'एकच प्याला' हे शीर्षक दोघांना सारखेच लागू असताना परिणाम वेगळे का, हा प्रश्न नाटक उभा करते आणि त्याचे उत्तर नियतीवर सोपवते.

आणखी एका प्रसंगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. तळीराम आजारी पडल्यावर त्याच्या बिछान्याशी डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते. हा प्रवेश विनोदासाठी योजलेला आहे आणि प्रेक्षक आजही त्याला हसतात. परंतु दोन शास्त्रे आपापल्या बाजूने बरोबर आणि रुग्ण मात्र मध्ये तसाच पडलेला, हे चित्र जोडआजाराच्या बाबतीत आजही खरे ठरते. आधी दारू सोडवून आणा, मग मनाचे पाहू, असे मनोविकार विभाग म्हणतो. आधी डोके ताळ्यावर आणा, मग दाखल करू, असे व्यसनमुक्ती केंद्र म्हणते. दोघांच्या दारांमध्ये नातेवाईक फेऱ्या मारतात. गडकऱ्यांच्या विनोदातील हा अर्थ त्यांच्या काळाला दिसण्याची शक्यता नव्हती. आपल्याला तो दिसायला हवा.

'गर्द' ते 'मुक्तांगणची गोष्ट'

१९८० नंतरच्या दशकात ब्राउन शुगर ऊर्फ गर्द पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांतही पसरले. अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. एका लेखमालेतून संस्था उभी राहावी, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील असाधारण घटना आहे.

या लेखनाचे वाङ्मयीन मोल प्रथम नोंदवले पाहिजे. अवचटांची वाक्ये लहान, बोलीच्या वळणाची आहेत. उपदेश, अलंकार आणि कळवळ्याचे प्रदर्शन ते कटाक्षाने टाळतात. गर्द घेणाऱ्यांच्या बोलीतील 'टर्की' यासारखे शब्द ते जसेच्या तसे घेतात आणि त्या शब्दामागील हाडे पिळवटणारी वेदना वाचकापर्यंत पोहोचवतात. 'एकच प्याला'त व्यसनी माणूस दुरून, रंगमंचावरून दिसतो. अवचटांच्या गद्यात तो समोर बसून बोलतो. मार नाही, साखळदंड नाही, पूर्वी व्यसनी असलेलेच पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते होतात, घसरलेल्याला पुन्हा घेतले जाते, अशी जगण्याची एक रीत या लेखनाने मराठी समाजापुढे ठेवली. 'बेवडा' या शब्दाच्या जागी 'मित्र' हा शब्द येणे ही केवळ शब्दयोजना नव्हती. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने व्यसनी माणसांच्या परस्परसाहाय्याचे तत्त्व रूढ केले होते. मुक्तांगणच्या लेखनाने त्याला मराठी घराचे रूप दिले.

तरीही एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारात जन्मले, त्याच्या संस्थापिका मनोविकारतज्ज्ञ होत्या. म्हणजे स्थळ आणि ज्ञान या दोन्ही दृष्टींनी व्यसन आणि मनोविकार एकाच कुंपणात होते. परंतु या लेखनाने व्यसनमुक्तीची जी प्रतिमा लोकमानसात घडवली, तिच्यात मनोरुग्णालय पार्श्वभूमीला गेले. याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या समाजात 'येरवडा' हे गावाचे नाव वेडेपणाचा प्रतिशब्द म्हणून चेष्टेत वापरले जाते, तेथे व्यसनी माणसाला उपचाराकडे आणायचे तर त्याला वेड्यांपासून वेगळे दाखवणे भाग होते. 'मी दारू पितो, पण मी वेडा नाही', हे व्यसनी माणसाचे शेवटचे स्वाभिमानाचे वाक्य असते. ते हिरावून न घेता त्याला आत घेणे हे या लेखनाचे शहाणपण होते. त्याची किंमत मात्र ज्याला दोन्ही आजार आहेत त्याने मोजली. त्याच्यासाठी तेच वाक्य उपचारातला सर्वांत मोठा अडसर ठरते.

पस्तीस दिवसांचे कथानक

समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले. 'आजारी होतो, बरा झालो' असे पूर्वस्थितीला नेणारे कथन हा पहिला. ज्याला क्रम आणि शेवट नाही असे विस्कटलेले कथन हा दुसरा. आणि आजारातून काही गवसल्याचे सांगणारे शोधकथन हा तिसरा. व्यसनमुक्तीच्या मराठी कथा बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात मोडतात. अधःपात, दाखल होणे, पस्तीस दिवसांचा मुक्काम, मग नवा जन्म आणि इतरांना हात देणे, असा त्यांचा क्रम असतो. व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे करण्याची प्रथाही याच कथनाला दृढ करते. 'मुक्ती' हा शब्द तर संतपरंपरेतूनच आलेला असल्याने त्याला एकदाच आणि कायमचे घडणाऱ्या घटनेचा अर्थ आपोआप चिकटतो.

या कथनाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. ज्याच्यापुढे उद्याचा दिवसही नाही त्याला पस्तीसावा दिवस दाखवणे हे उपचाराचेच अंग आहे. परंतु वर उल्लेखिलेला चार आठवड्यांचा कालावधी येथे पुन्हा आठवावा. नशा थांबल्यानंतर दारूजन्य नैराश्य ओसरून मूळचा मनोविकार शिल्लक राहिला असल्यास तो स्पष्ट दिसू लागतो, त्याला साधारण एवढाच काळ लागतो. म्हणजे पस्तीस दिवसांचा निवास हा वैद्यकीयदृष्ट्या निदानाचा अत्यंत मोलाचा काळ आहे. गोष्ट जेथे संपते तेथेच जोडआजाराच्या रुग्णाची गोष्ट सुरू होते. निरोपसमारंभाच्या दिवशी इतरांचे चेहरे उजळलेले असताना ज्याला अजूनही झोप नाही, ज्याच्या कानात अजूनही आवाज आहेत, त्याला या कथानकात उभे राहायला जागा उरत नाही. त्याला वाटते, सगळे सुटले, मीच अपात्र. तो पुन्हा पिऊ लागला की त्याचे वर्णन 'निश्चय कमी पडला' असे होते आणि आपण नकळत गडकऱ्यांच्या स्वभावदोषाकडे परत जातो.

फ्रँक यांनी सांगितलेला दुसरा, विस्कटलेला प्रकार ऐकणे सर्वांत कठीण असते, कारण त्यात ऐकणाऱ्याला धीर देणारे काही नसते. चौथ्यांदा दाखल झालेला, औषधे मध्येच सोडणारा, कधी उत्साहाने गावभर फिरणारा आणि कधी आठ-आठ दिवस न उठणारा माणूस मराठी गद्यात अपवादानेच बोलतो. त्याची गोष्ट सांगण्यासाठी शेवट नसलेली गोष्ट सांगण्याची तयारी असावी लागते.

दोन वेगळी कपाटे

मनोविकाराविषयी मराठीत लेखन वा चित्रण झालेच नाही, असे नव्हे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा स्किझोफ्रेनियावरील चित्रपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी यांची प्रेरणा होती. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. 'देवराई'ने बरे होण्याऐवजी आजारासह जगण्याची भाषा मराठी प्रेक्षकाला दिली. घरातील माणसांनी रुग्णाबरोबर कसे राहावे, हा त्या चित्रपटाचा खरा विषय आहे.

व्यसनाच्या कथांना नेमकी याच भाषेची गरज होती. परंतु ही दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी असूनही परस्परांशी फारशा बोलल्या नाहीत. एका कपाटात व्यसनमुक्तीची पुस्तके, दुसऱ्यात मनोविकाराची. पहिल्यात औषधाविषयी थोडा संशय असतो, कारण एक गोळी सोडून दुसरी धरायची का, असा प्रश्न व्यसनातून आलेल्या माणसाला पडतो. दुसऱ्यात रुग्णाची निरागसता जपलेली असते, कारण तो पितो असे सांगितले तर सहानुभूती कमी होईल अशी धास्ती असते. सामाजिक कलंकाचीही अशी उतरंड असते आणि साहित्य तिच्यापासून पूर्णपणे अलिप्त राहू शकलेले नाही.

कायद्याने मात्र हे कुंपण काढून टाकले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. त्यामुळे व्यसनी रुग्णांना निवासी उपचार देणाऱ्या केंद्रांचा प्रश्न मानसिक आरोग्याच्या व्यवस्थेपासून वेगळा ठेवता येत नाही. कायद्याची भाषा पुढे गेली आणि गोष्टीची भाषा मागे राहिली, अशी ही स्थिती आहे.

येलदरीहून पाहताना

हे सारे विवेचन पुण्याभोवती फिरते, कारण मराठीतील हे लेखनही पुण्याभोवती फिरते. म्हणून ते मराठवाड्यातील एखाद्या गावातून वाचून पाहणे उपयुक्त ठरेल. जिंतूर तालुक्यातील येलदरी हे पूर्णा नदीवरील धरणाचे आणि जलविद्युत केंद्राचे गाव. येथून पुण्याला जायचे तर जिंतूरहून जालन्याच्या दिशेने रस्ता धरावा लागतो, नाहीतर परभणी गाठून रेल्वे. रुग्णाबरोबर एक जाणता माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. महाराष्ट्रातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा सुमारे १८० जणांत एक असतो. निवासी उपचाराची गोष्ट ही मुळात त्या एकाची गोष्ट आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

गावाची स्वतःची व्यसनमुक्तीची भाषा आहे. 'त्याने माळ घातली' या तीन शब्दांत दारू सुटल्याची वार्ता येथे सांगितली जाते. तुळशीची माळ, वारी, भजनाची बैठक यांनी अनेक घरे सावरली आहेत. संगत बदलणे, रोजचा नेम लागणे, चारचौघांत शब्द दिलेला असणे, ही निवासी केंद्राचीही सूत्रे आहेत. महिला 'आडवी बाटली'ला मत देऊन गावातले दुकान बंद पाडतात, तोही एक सामूहिक उपचारच होय. परंतु या उपायांतही कारण 'एकच' धरलेले असते. ज्याला उन्माद-विषादाचा विकार आहे त्याची माळ उन्मादाच्या लाटेत तुटते. मग दारूच्या अपराधात माळ मोडल्याचा अपराध मिळतो आणि विषादाच्या काळात तो अपराध प्राणावर बेतू शकतो. दारू सुटावी म्हणून जेवणातून गुपचूप गोळी देण्याचा प्रकार अनेक घरांत चालतो. त्या गोळीतील डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या नकळत देणे मुळातच धोक्याचे. भ्रमाचा विकार असलेल्या माणसात तर ते भ्रम वाढवू शकते. घरच्यांना हे ठाऊक नसते, कारण त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत दुसरा आजारच नसतो.

केंद्रातून परतल्यावरचा काळ तर अधिक बिकट आहे. लिथियमसारखे औषध चालू असेल तर ठरावीक काळाने रक्तातील त्याचे प्रमाण तपासावे लागते. ते कोठे, कोणाच्या खर्चाने, कोणाच्या सोबतीने, हे प्रश्न पस्तीस दिवसांच्या कथानकात येत नाहीत. येलदरीच्या वाचकाला खरी गरज छत्तिसाव्या दिवसापासूनच्या गोष्टीची आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य भाषेच्या एका साध्या सवयीत दिसते. कर्जबाजारी, रात्र-रात्र न झोपणारा, महिनोन्महिने गप्प झालेला शेतकरी आत्महत्या करतो आणि त्याची हकीकत 'दारूच्या नशेत' या दोन शब्दांत संपते. हे दोन शब्द खोटे नसतील. पण ते चौकशी थांबवतात. दारूच्या आत काय होते, हे विचारण्याची वेळ येत नाही. एक कारण हाती लागले की दुसरे शोधण्याची निकड संपते, हाच 'एकच' कारणाचा मोह होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. 'एकच प्याला'मध्ये व्यसनामागील मानसिक मोडतोड प्रभावीपणे चित्रित झाली आहे; परंतु ती स्वभावदोषाच्या सदरात गेल्याने नाटकात तिच्यावर उपाय संभवत नाही. दारू सोडल्यानंतरच्या काळाचे गडकऱ्यांनी केलेले चित्रण आजच्या अनेक व्यसनमुक्ती-कथांपेक्षा अधिक वास्तव आहे.

२. अवचटांच्या लेखनाने व्यसनी माणसाला रुग्णाची आणि मित्राची प्रतिष्ठा दिली. मनोरुग्णालयापासून राखलेले अंतर ही त्या काळाची गरज होती. आज मात्र तेच अंतर जोडआजाराच्या रुग्णाला अदृश्य करते.

३. पस्तीस दिवसांचे मुक्तिकथानक अनेकांना बळ देते. पण त्या कालावधीकडे निदानाचा आणि पुढील दीर्घ उपचाराचा आरंभ म्हणून पाहणारे कथन मराठीत निर्माण होणे आवश्यक आहे.

४. व्यसनमुक्तीचे लेखन आणि मनोविकाराचे लेखन या दोन परंपरांचे एकत्र वाचन व्हायला हवे. मराठी आणि मानसशास्त्र या दोन विभागांनी मिळून 'एकच प्याला' आणि 'देवराई' एकाच तासाला शिकवले, तर त्याची सुरुवात महाविद्यालयाच्या वर्गातही होऊ शकेल.

आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरी असा माणूस असतो. ते त्याच्याविषयी सहसा बोलत नाहीत, कारण त्याच्याविषयी बोलायला दोनच शब्द उपलब्ध असतात आणि ते दोन्ही शिव्यांसारखे वापरले जातात. त्यांना तिसरा शब्द देणे हे साहित्याच्या अध्यापकाच्या अधिकारातले आणि कर्तव्यातले काम आहे.